तुळशीचं पाणी, पेज आणि घरी नेण्याची घाई

«ताई, मी मूळची लातूरकडची. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागले, त्याला अजून वर्ष व्हायचंय. इथली भाषा अर्धीमुर्धी कळते, रीतिरिवाज त्याहून कमी. अन्ननलिकेचा कॅन्सर झालेले एक आजोबा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयातून परत आणल्यावर आमच्याकडे दाखल होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळपासून त्यांचा श्वास थांबून थांबून येत होता. रात्री मुलगा मुंबईहून पोचला आणि त्याने चमच्याने तुळशीचं पाणी तोंडात घातलं. आजोबांना ठसका लागला. मी ओरडले, "मारायचंय का त्यांना?" पहाटे ते गेले. जाताना मुलाने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या आया मावशींनी सवयीने एका बेशुद्ध आजींच्या तोंडात गंगाजल घातलं, तर मुलगी संतापली, "आम्ही बौद्ध आहोत" म्हणाली. एका मुस्लिम कुटुंबाने खाट फिरवायला सांगितली. ऑक्सिजनची नळी पुरत नाही म्हणून मी नाही म्हटलं. कुठल्या समाजात शेवटच्या वेळी काय करतात याचा एक तक्ता द्याल का? वॉर्डात लावीन. आणि घरचे "पेशंटला काही सांगू नका" म्हणतात तेव्हा आम्ही काय करायचं? – एक सिस्टर»

सिस्टर,

तक्त्याचं नंतर बघू. आधी त्या मुलाला फोन कर. केसपेपरवर नंबर असेल. भांडण मिटवायला नव्हे, तुझं एक वाक्य त्याच्यापाशी राहिलंय ते काढून घ्यायला. "मारायचंय का" असं सिस्टर म्हणाली आणि काही तासांत बाप गेला. आता तो लालबागला नाहीतर विरारला आपल्या खोलीत बसून काय हिशोब मांडत असेल? डॉक्टरांशी आधी बोलून घे आणि मग त्याला सरळ सांग की संध्याकाळीच श्वास तुटायला लागला होता, म्हणजे वेळ त्याने पाणी घालायच्या आधीच आली होती. बाबा आजाराने गेले. फोनवर बोलणं जमत नसेल तर गावातल्या आशाताईंकडून निरोप दे, पण दे. त्याने फटकन फोन ठेवला तरी चालेल.

आता पाण्याचं. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात चमचा रिकामा करायचा नाही, हे तुझं बरोबरच होतं. पण मुलगा पाणी पाजायला आलाच नव्हता. त्याला बापाच्या तोंडात शेवटचं काहीतरी घालायचं होतं, आणि त्या शास्त्राला थेंब पुरतो. माणसाला कुशीवर घे, डोकं जरा उंच. गॉजचा बोळा तुळशीच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळ आणि मुलाच्या हातात दे. ओठांवरून, हिरड्यांवरून, गालाच्या आतून फिरवायला सांग. एवीतेवी दर दोन तासांनी तोंड ओलं करायचं काम तुझंच असतं; त्यातली एक पाळी मुलाला दिलीस. तुळशीचं पान ओठांवर ठेवू दे, तोंडात खोल नको. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. ती द्यायला जमली नाहीत की पुढे तासभर बाचाबाची होते, हे तू पाहिलंच आहेस.

पेजेचंही तेच. आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की पेज. सून डबा घेऊन येते, आजी "दोन घास तरी" म्हणत मागे लागते, आणि ज्याची भूकच गेलीय तो तोंड मिटून घेतो. मग घरचे तुझ्याकडे बघतात: खात नाही तर सलाईन तरी लावा! शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. माणूस खात नाही म्हणून जातोय असं नसतं. जायला निघालाय म्हणून खात नाही. हे उभ्या उभ्या नको, बसून सांग. आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत शंभराहूनही कमी कॅलरी असतात, एका केळ्याइतक्या, हेही सांग. "ताकदीची बाटली" ही समजूत इतकी मुरलीय की आकडा ऐकल्याशिवाय लोक मानत नाहीत. मरणाऱ्या शरीराला ते पाणी पेलत नाही. पाय सुजतात, छातीत घरघर वाढते. पण सलाईन नको म्हणून सुनेला नुसती बसवून ठेवू नकोस. पेजेचं वरचं पाणी गार करून त्यात बोळा बुडवायला काय हरकत आहे? चव ओळखीची लागते. शुद्धीवर असलेल्या एका म्हाताऱ्याने तर त्या बोळ्याला मीठ कमी आहे म्हणून सुनेला सुनावलं होतं.

आता तुझा तक्ता. तो मी देणार नाही.

देता येत नाही म्हणून नव्हे. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध असे रकाने आखून दहा-दहा ओळी मीही लिहीन. पण तो भिंतीवर लागला की तू आडनाव वाचशील, रकाना बघशील आणि माणसाला विचारायचं राहून जाईल. मावशींनी नेमकं तेच केलं. त्यांच्या डोक्यात एक तक्ता आधीपासून होता, त्यात एकच रकाना होता आणि त्यात गंगाजल लिहिलं होतं. हे कोकण आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे वर मंडणगड तालुक्यात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान करणार नाही असं स्पष्ट आहे, आणि या पट्ट्यातली कितीतरी घरं त्या शब्दाला जागून राहिली. जे आजीने मन घट्ट करून सोडलं, तेच तिची शुद्ध हरपल्यावर कुणीतरी तिच्या तोंडात घालायचं? मुलगी संतापली नसती तरच नवल. तिला काय हवं होतं हे विचारलं असतं तर कदाचित बौद्धाचार्यांना बोलावून उशाशी त्रिसरण-पंचशील म्हणायची परवानगी, एवढंच निघालं असतं.

म्हणून विचार. पेशंट दाखल झाला आणि डॉक्टरांनी "आता फक्त त्रास कमी ठेवायचा" असं ठरवलं की त्याच दिवशी विचार, श्वास लागल्यावर नको. आधी पेशंटला, तो बोलता असेल तर: "काका, तुम्हाला इथे काय हवं, काय नको? तुमचं देवाधर्माचं काही आम्ही सांभाळायचं आहे का?" गळ्यात माळ असेल तर विचारल्याशिवाय काढू नकोस, वारकऱ्याची तुळशीची माळ एक्स-रेसाठी उतरवावी लागलीच तर ती त्याच्या नाहीतर मुलाच्या हातात द्यायची, लॉकरवर टाकायची नाही. मग घरच्यांना विचार: वेळ आली तर कुणाला कळवायचं, कुणी जवळ असायला हवं, गेल्यावर आम्ही हात लावलेला चालेल का, तुमच्याकडे काही करत नाहीत असं काय आहे? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. उत्तरं केसपेपरला लिही, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला पुन्हा विचारावं लागणार नाही. त्या मावशींनाही हे वाचून दाखव. त्यांच्यावर मेमो काढण्यापेक्षा ते उपयोगी पडेल. त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं होतं.

खाटेचं सोपं होतं. किब्ला म्हणजे मक्केची दिशा; इथून ती पश्चिम, किंचित उत्तरेकडे. थोडक्यात समुद्राची बाजू. नळी पुरत नसेल तर खाट राहू दे, माणसाला उजव्या कुशीवर वळव, तोंड पश्चिमेला. तेही जमत नसेल तर चेहरा जमेल तेवढा वळवला तर चालेल का, ते घरच्या जाणत्यांना विचार, बहुतेक चालतं. कुशीवर वळवल्याने घशातली घरघरही कमी होते, म्हणजे तुझंही काम झालं. कानाशी कलमा म्हणतील, कुणी कुराणातलं यासीन वाचेल, मक्केहून आणलेल्या झमझमच्या पाण्याचे थेंब ओठांना लावतील. त्याला तोच बोळा. बाई असेल तर डोक्यावरची ओढणी सरकू देऊ नकोस आणि अंग पुसायला वॉर्डातल्या मामांना पाठवू नकोस. गेल्यावर गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, त्यांचे लोक देतील. तू नळ्या काढ, डोळे मीट, जबडा बांध, हातपाय सरळ कर आणि कागद लवकर हलव. दफन लांबू नये यासाठी त्यांचा जीव टांगलेला असतो. अपघात, सर्पदंश, विषबाधा असली तर पोस्टमॉर्टेम टळत नाही. ते दाखल करतानाच सांगितलेलं बरं.

ख्रिस्ती घरांत फादरना कळवायची वेळ चुकवू नकोस. ते येऊन कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात, प्रार्थना म्हणतात. पेशंट शुद्धीवर असताना आले तर त्याला स्वतःला त्यात भाग घेता येतो. बहुतेक घरं फार उशिरा बोलावतात, कारण फादर आले म्हणजे संपलं अशी भीती. ती भीती तू काढू शकतेस: हा संस्कार आजाऱ्यासाठी आहे, मेलेल्यासाठी नाही.

आणि आपले देव. कुणी वेतोबाला गाऱ्हाणं घालून येईल, कुणी कौल लावून येईल आणि देवाने उजवा कौल दिला म्हणून आशेने तुझ्याकडे बघेल. कौलाशी वाद घालू नकोस. अंगारा कपाळाला लावू दे. पाण्यात कालवून पाजू नका एवढं सांग. नारळ उशाशी राहिला तर तुझं काय जातं? मात्र एका गोष्टीत अजिबात ढिली पडू नकोस. ऑक्सिजन चालू असताना खाटेजवळ निरांजन, धूप, अगरबत्ती काही पेटवायचं नाही. चादर भडकायला ठिणगी पुरते. दिवा बाहेर व्हरांड्यात लावू दे.

आता घरी नेण्याचं. तू विचारलं नाहीस, पण इथे नोकरी करायची तर हे रोजचं आहे. "सिस्टर, आता काय खरा नाय ना? मग घराक व्हरतो." तू नवीन आहेस, तुला वाटेल, उपचार सोडून पळवून नेतायत. तसं नसतं. इथल्या माणसाला आपल्या घरात, आपल्या माणसांत जायचं असतं. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून कित्येक हिंदू घरांत शेवटी जमिनीवर घेतात. पेशंटच स्वतः म्हणत असतो, "माका घराक जावचा हा." अशा वेळी आपल्याकडे काय होतं? "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही घेतात, कॅथेटर ओढून काढतात आणि खाट रिकामी करतात. माझ्या मते ही नर्सिंगची लाज आहे. पेशंट जातोय ते आपल्या देखरेखीतून जातोय, आपल्यावर रुसून नाही.

तेव्हा डॉक्टरांकडून रीतसर डिस्चार्ज माग आणि कार्डावर आजार आणि त्याची अवस्था नीट लिहून घे. घरी मृत्यू झाला की शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने नमुना 4अ वर मृत्यूचं कारण द्यायचं असतं, आणि 21 दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची असते. कार्डावर काही धड नसेल तर घरचे आधी दवाखाना आणि मग ग्रामपंचायत अशा खेपा घालत बसतात, तेही दिवस चालू असताना. कॅथेटर राहू दे. पिशवी कमरेच्या खाली कशी ठेवायची ते सुनेला दाखव. दुखण्याची गोळी किती वाजता द्यायची ते घड्याळ काढून लिहून दे, "लागेल तशी" असं नको. मॉर्फिन चालू असेल तर "व्यसन लागेल, लवकर जातील" ही भीती तिथेच काढ: वेदनेच्या मापाने दिलेलं मॉर्फिन जीव घेत नाही, पोट मात्र धरतं, म्हणून सोबत जुलाबाची गोळी हवीच. 2014 मध्ये कायदा सुधारून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं केलं, तरी लहान रुग्णालयांत ते सहसा नसतं. वेदनाशमनासाठी जिल्हा रुग्णालयात नाहीतर जिथे उपचार झाले तिथे विचारायला घरच्यांना आधीच पाठव. गोळ्या संपायच्या दिवशी नको.

गाडीचंही बघ. 108 आणीबाणीसाठी आहे, घरी सोडायला ती मिळेल असं धरून चालू नकोस. गाडीवाट वाडीपर्यंत जात नसेल आणि शेवटचा चढ डोलीने न्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तास-अर्धा तास दुखण्याचा डोस दे. हलवताना हाडं दुखतात, आणि आपल्याच माणसांच्या खांद्यावर माणूस कण्हत घरी पोचतो. पायरीवर खाली घ्यायचं असेल तर अंगाखालच्या चादरीची झोळी करून चौघांनी एकदम उचला असं शिकव. आणि खाली घ्यायचं ते अगदी शेवटी, आधी गादी घालून. तीन-तीन दिवस गार लादीवर ठेवलेले पेशंट मी पाहिलेत, पाठीला फोड आलेले.

न नेता वॉर्डातच व्हायचं असेल तर त्यांना एकच गोष्ट हवी असते: मुलगा पोचेल का? इथे "सांगता येत नाही" हे उत्तर खरं असलं तरी पुरत नाही. लघवी अगदी कमी झाली, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसू लागली, श्वास थांबून थांबून यायला लागला की डॉक्टरांना विचारून सांग: "आज रात्रीच्या कोकणकन्येला बसायला सांगा, रविवारची वाट नको." पावसात गाड्या रखडतात तेही धरून चाल. नाहीच पोचत असं वाटलं तर फोन पेशंटच्या कानाशी धर. प्रतिसाद थांबला तरी ऐकू येत असावं असंच धरून आपण वागतो. मुलाला बोलू दे, बायकोला रडू दे. आणि घरघर सुरू होण्याआधीच घरच्यांना तिची कल्पना दे. तो आवाज ऐकणाऱ्याला जितका भयंकर वाटतो तितका पेशंटला होत नसतो. कुशीवर घे, सक्शन घशात खोल घालून ढवळू नकोस, घरघर कमी करायच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचार.

"त्यांना काही सांगू नका" याबद्दल. मुलाशी भांडू नकोस आणि पेशंटशी खोटंही बोलू नकोस. मुलाला विचार, सांगितलं तर काय होईल असं वाटतं? बहुतेक उत्तर येतं, "ते खचतील." मग त्याला बाजूला बसवून पेशंटला तूच हळूच विचार: "आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? अजून काही जाणून घ्यायचंय?" नाही म्हणाले तर विषय बंद. हो म्हणाले तर डॉक्टरांना बोलाव. ते सांगायचं काम तुझ्या एकटीचं नाही. मी ड्युटीवर असताना एक आजोबा होते. घरच्यांनी त्यांना अल्सर आहे असं सांगितलेलं, आणि टाटाची फाईल खाटेखाली पिशवीत लपवलेली. एका दुपारी आजोबांनी धाकट्याला विचारलं, "यंदा चवथीक गणपती कोण आणतलो?" धाकटा गप्प. थोरला म्हणाला, मी आणीन. त्यावर आजोबांनी गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला काय बांधायचं, मूर्ती कुठल्या चित्रशाळेतून आणायची, कुणाचे किती पैसे द्यायचे राहिलेत ते सगळं सांगितलं. अल्सरचं नाव कुणीच काढलं नाही, तरी माहीत सगळ्यांना होतं. तशी वेळ आली की मध्ये पडू नकोस. बीपी नंतर घेता येतं.

एका बाबतीत मात्र मध्ये पड. नवरा गेला की खाटेपाशीच बाईच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला काही बायका पुढे होतात. वॉर्डात ते होऊ देऊ नकोस. "इथे काचा नकोत, इतर पेशंट आहेत" एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. रीत सांभाळायची ती ज्याची त्याला हवी असेल तर. त्या बाईला तिथे कुणीच काही विचारलेलं नसतं. तिला खुर्ची दे, पाणी दे, नवऱ्याजवळ बसू दे. दागिने उतरवायचेच झाले तर दोन साक्षीदारांसमोर यादी करून, सही घेऊन घरच्यांच्या हातात दे.

हे सगळं करायला वेळ कुठे, असं तू म्हणशील. तीस खाटा, एक सिस्टर. मला माहीत आहे. यातलं निम्मं काम आधी विचारण्याचं आहे, आणि ते दुपारच्या ओपीडीनंतर, शांत वेळेत होतं. ड्युटीच्या डायरीत मागच्या पानावर नंबर लिहून ठेव: जवळच्या चर्चचे फादर, मशिदीतले मौलाना, बौद्धाचार्य, एखादे भटजी, शववाहिका, आणि रात्री उठून येईल असा एक गाडीवाला. प्रत्येकाला आधी एकदा फोन करून विचार की रात्री-अपरात्री बोलावलं तर याल का. जे नाही म्हणतील त्यांचं नाव खोड.